प्रतिमानातला साठा : एका चौकोनाची जबाबदारी

काळाबरोबर बदलत जाणाऱ्या व्यवस्थांचा विचार करणाऱ्या सिस्टिम डायनॅमिक्स या अभ्यासशाखेतले प्रतिमान, म्हणजे मॉडेल, रचण्यासाठी जे सॉफ्टवेअर वापरले जाते, त्याच्या पडद्यावरील पट्टीत सहसा एक छोटा चौकोन असतो. तो निवडून कोऱ्या जागेवर टिचकी मारली की तेथे एक रिकामी पेटी उमटते, तिला नाव द्यावे लागते, आणि त्या क्षणापासून प्रतिमानात एका नव्या साठ्याची भर पडलेली असते. ही कृती काही सेकंदांची असली तरी तिच्यामागचा निर्णय हा प्रतिमान रचणाऱ्याला घ्यावा लागणाऱ्या निर्णयांपैकी सर्वांत जड निर्णय असतो, कारण साठा जोडणे म्हणजे अभ्यासाखालील व्यवस्था कोणती गोष्ट साचवून ठेवते आणि तिचा भूतकाळ कोणत्या रूपाने तिच्या वर्तमानात शिल्लक राहतो, याविषयी ठाम विधान करणे होय. साठा जोडण्याची साधने गेल्या सहा-सात दशकांत कशी घडत गेली, आणि ती या निर्णयाला मदत करतात की निर्णय घेतला गेला आहे याचे भानच पुसून टाकतात, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

साठा म्हणजे काळाच्या ओघात साचत किंवा घटत जाणारी आणि कोणत्याही एका क्षणी मोजता येणारी राशी. तिच्यात भर घालणाऱ्या किंवा तिच्यातून काही काढून घेणाऱ्या, म्हणजेच दर दिवसाला, दर आठवड्याला किंवा दर वर्षाला अशा एककात मोजल्या जाणाऱ्या राशीला प्रवाह म्हणतात. महाराष्ट्रात पावसाळ्यात रोज छापून येणारे धरणांचे आकडे हा भेद अचूक पाळतात : धरणातील पाणी टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत सांगितले जाते, तर येणारी आवक आणि दरवाजांतून होणारा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट या हिशेबाने सांगितला जातो. सुमारे ११,५७४ क्युसेकचा प्रवाह २४ तास चालू राहिला तर एक टीएमसी पाणी होते. सुमारे १०५ टीएमसी क्षमतेच्या कोयना धरणात एखाद्या दिवशी आवक ४०,००० क्युसेक आणि विसर्ग ३०,००० क्युसेक आहे असे धरले, तर त्या दिवशी साठ्यात सुमारे ०.८६ टीएमसीची भर पडेल; दुसऱ्या दिवशी आवक घटून ३५,००० क्युसेकवर आली आणि विसर्ग तितकाच राहिला, तर आवक कमी झालेली असूनही साठा वाढतच राहील, फक्त वाढीचा वेग निम्मा होईल.

हे वाचताना सोपे वाटते, पण प्रत्यक्षात सुशिक्षित माणसेही येथे सातत्याने चुकतात, हे काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांतून दिसून आले आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेतील जॉन स्टरमन यांनी लिंडा बूथ स्वीनी यांच्यासह २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आवक-जावकेचे आलेख देऊन साठ्याचा आलेख काढायला सांगितले, तेव्हा गणिताचे पुरेसे शिक्षण झालेल्या अनेकांनी साठ्याचा आलेख आवकेच्या आलेखासारखाच काढला, म्हणजे आवक उतरू लागली की साठाही उतरू लागतो असे गृहीत धरले. त्यांच्याच २००७ सालच्या अभ्यासात हीच चूक हवामानबदलाच्या संदर्भात दिसली : कर्बवायूचे उत्सर्जन आजच्या पातळीवर स्थिर केले की वातावरणातील कर्बवायूचे प्रमाणही स्थिर होईल, असे बहुसंख्यांना वाटत होते. साठ्याचा हिशेब मनातल्या मनात करण्यासाठी माणसाची बुद्धी पुरी पडत नाही, आणि म्हणूनच तो हिशेब बाहेर मांडून दाखवणाऱ्या साधनाची गरज भासते.

या साधनाचा इतिहास जे फॉरेस्टर यांच्यापासून सुरू होतो. नेब्रास्का राज्यातील गुरांच्या फार्मवर वाढलेल्या फॉरेस्टर यांनी एमआयटीमध्ये व्हर्लविंड या संगणकाची उभारणी केली आणि त्यासाठी चुंबकीय कड्यांची स्मृतियंत्रणा विकसित केली. १९५६ साली ते त्याच संस्थेच्या व्यवस्थापन विद्यालयात गेले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या केंटकी राज्यातील घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्यांत काम चालते, तर काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवावे लागते, असे का होते, हा प्रश्न कंपनीच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्यासमोर ठेवला होता. व्यापारातील तेजीमंदी हे उत्तर कंपनीला पुरेसे वाटत नव्हते. फॉरेस्टर यांनी वहीच्या एका पानावर स्तंभ आखले, त्यांत मालाचा साठा, कामगारांची संख्या आणि मागण्या मांडल्या, व्यवस्थापक कोणत्या नियमाने कामगार घेतात वा कमी करतात हे विचारून घेतले, आणि आठवड्यामागून आठवड्याचा हिशेब हाताने करत गेले. बाहेरची मागणी स्थिर असतानाही रोजगार हेलकावे खातो, म्हणजे अस्थिरतेचे मूळ कंपनीच्या स्वतःच्या साठ्यांत आणि निर्णयनियमांत आहे, असे त्या पानावर दिसून आले.

१९५८ साली रिचर्ड बेनेट यांनी हा हिशेब संगणकाकडून करून घेण्यासाठी सिंपल नावाची प्रणाली लिहिली आणि त्यानंतर लगेचच फिलिस फॉक्स व अलेक्झांडर प्यू यांनी डायनॅमो ही भाषा तयार केली. डायनॅमोमध्ये साठा जोडायचा म्हणजे एक समीकरण लिहायचे, आणि त्या समीकरणाच्या आरंभी ते साठ्याचे आहे, प्रवाहाचे आहे की सहायक राशीचे आहे हे सांगणारे अक्षर घालायचे, असा नियम होता. नुकताच सरलेला क्षण ‘जे’, चालू क्षण ‘के’ आणि पुढचा क्षण ‘एल’ या अक्षरांनी दाखवला जाई, त्यामुळे दुकानातील मालाचे समीकरण असे दिसे : माल.के = माल.जे + डीटी × (आवक.जेके − विक्री.जेके), म्हणजे आत्ताचा माल हा मघाचा माल अधिक मधल्या काळात झालेली निव्वळ भर होय, आणि डीटी म्हणजे त्या दोन क्षणांमधले अंतर. आज ही पद्धत कष्टाची वाटते, परंतु तिचा एक गुण दुर्लक्षिण्याजोगा नाही : साठ्याच्या प्रत्येक ओळीत भूतकाळाचा आणि वर्तमानाचा संबंध लिहिणाऱ्याला स्वतःच्या हाताने लिहावा लागत असे, आणि आरंभमूल्याची ओळही स्वतंत्रपणे लिहावी लागत असे. फॉरेस्टर यांच्या १९६१ सालच्या ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ या ग्रंथात साठ्यासाठी चौकोन, प्रवाहासाठी झडप आणि प्रतिमानाच्या सीमेपलीकडच्या जगासाठी ढग अशी चिन्हे आहेत, पण ती चित्रे कागदावर वेगळी काढली जात आणि समीकरणे वेगळी लिहिली जात; दोन्ही एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहण्याची जबाबदारी माणसावर होती.

ही फारकत १९८५ साली मिटली. डार्टमथ कॉलेजात शिकवणाऱ्या बॅरी रिचमंड यांनी मॅकिंटॉश संगणकासाठी स्टेला हे सॉफ्टवेअर आणले, आणि त्यात चित्र हेच प्रतिमान झाले : चौकोन ठेवला, त्याला नळीसारखा प्रवाह जोडला, की संकलनाचे समीकरण, म्हणजे क्षणोक्षणीची भर एकत्र करत जाणारे समीकरण, सॉफ्टवेअर स्वतःच लिहू लागले. जे अजून ठरवलेले नाही त्यावर प्रश्नचिन्ह दिसत असे, ही बाब लहान दिसली तरी फार विचारपूर्वक केलेली होती, कारण रिकामा चौकोन पूर्ण झाल्याचा आभास त्यामुळे निर्माण होत नसे. शाळेतील मुले, जीवशास्त्राचे शिक्षक, आरोग्यसेवेतील अधिकारी असा मोठा वर्ग, जो समीकरण पाहून मागे फिरला असता, तो या चौकोनामुळे प्रतिमाने रचू लागला. या घटनेचे मोल कमी लेखता येणार नाही. एखाद्या विद्याशाखेचे दरवाजे उघडण्याचे काम क्वचितच एका चिन्हाने इतके चोख केले असेल.

पुढे आलेल्या व्हेन्सिम या सॉफ्टवेअरने थोडी वेगळी वाट धरली. तेथे चौकोन काढण्याचे साधन आहेच, परंतु एखादी राशी साठा आहे की नाही हे तिच्या आकारावरून ठरत नाही, तर तिच्या समीकरणात संकलनाचे फलन आहे की नाही यावरून ठरते; समीकरण लिहिण्याचे साधन हाती घेतले की ज्या राशींची समीकरणे अपुरी आहेत त्या काळ्या पडतात, आणि एकके तपासण्याची आज्ञा दिली की टीएमसीमध्ये थेट क्युसेक मिसळणारे समीकरण पकडले जाते. एकके तपासणे हे कंटाळवाणे काम आहे खरे, पण साठा आणि प्रवाह यांची गल्लत पकडण्याचा याहून खात्रीचा मार्ग या क्षेत्रात नाही. साठ्याच्या एककाला काळाच्या एककाने भागल्यावर जे येते तेच प्रवाहाचे एकक असले पाहिजे. ते तसे नसेल तर मांडणीत कोठेतरी घोटाळा आहे.

चौकोन ठेवल्यावर सॉफ्टवेअरच्या आत काय घडते, याकडे वापरणाऱ्याने पाहिलेच पाहिजे असे अनुभवी अभ्यासक सांगतात, आणि त्याला कारण आहे. संगणक काळ सलग चालवू शकत नाही, तो लहान लहान पावलांनी चालवतो, आणि पाऊल किती लहान असावे हे साठ्यातून जावक किती वेगाने होते यावर अवलंबून असते. समजा एखाद्या साठ्यातील वस्तू सरासरी दोन दिवस टिकतात, म्हणजे जावक ही साठ्याच्या निम्मी दर दिवशी आहे, आणि पाऊल पाच दिवसांचे निवडले, तर एकाच पावलात साठ्याच्या अडीचपट जावक होऊन साठा शून्याखाली जाईल, आणि पुढची सारी आकडेवारी त्या पावलाने निर्माण केलेला आभास असेल. पाऊल निम्मे करून प्रतिमान पुन्हा चालवावे आणि निष्कर्ष बदलतात का ते पाहावे, ही जुनी आणि साधी कसोटी आजही तितकीच उपयोगाची आहे.

शून्याखाली जाणाऱ्या साठ्यासाठी काही सॉफ्टवेअरमध्ये एक खूण करण्याची सोय असते : ती केली की साठा ऋण होत नाही, कारण तेवढे शिल्लक नसल्यास सॉफ्टवेअर जावक स्वतःच छाटते. ही सोय घातक आहे असे येथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. धरणात पाणी मृतसाठ्याच्या खाली गेल्यावर कालव्यात पाणी का येत नाही, याचे उत्तर विमोचकाच्या पातळीत असते, आणि प्रतिमानातही जावकेचे समीकरण साठ्याकडे पाहूनच ठरले पाहिजे. ते तसे लिहिलेले नसताना केवळ खूण करून साठा शून्यावर थांबवला, तर चूक दुरुस्त होत नाही, फक्त दिसेनाशी होते.

याच जातीची दुसरी खोड अधिक सूक्ष्म आहे. प्रत्याभरणाच्या, म्हणजे कारणाचा परिणाम फिरून कारणावरच होण्याच्या, प्रत्येक वर्तुळात निदान एक साठा असावा लागतो. नाहीतर ‘अ’ काढण्यासाठी ‘ब’ हवा आणि ‘ब’ काढण्यासाठी त्याच क्षणीचा ‘अ’ हवा, अशा कोंडीत संगणक अडकतो आणि तशी सूचना देतो. नवशिके पुष्कळदा ती सूचना घालवण्यासाठी मध्ये कोठेतरी विलंबाचे किंवा सरासरीचे तयार फलन बसवतात आणि प्रतिमान चालू लागल्याचे समाधान मानतात. त्या फलनाच्या पोटात एक किंवा तीन साठे असतात, ते चित्रात चौकोन म्हणून दिसत नाहीत, आणि तरीही प्रतिमानाच्या हेलकाव्यांना तेच जबाबदार असू शकतात. खऱ्या जगात तेथे काय साचते, कोणाची समजूत हळूहळू बदलते, कोणती फाइल टेबलावर पडून राहते, हे विचारण्याची ती वेळ होती; सूचनेने ती संधी दिली होती आणि फलनाने ती हिरावून घेतली.

साठे किती असावेत याचे मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण जागतिक प्रतिमानांत सापडते. १९७० च्या उन्हाळ्यात क्लब ऑफ रोम या विचारगटाच्या बर्न येथील बैठकीहून परतताना विमानातच फॉरेस्टर यांनी ज्याचा पहिला आराखडा काढला, त्या वर्ल्ड-२ या प्रतिमानात अवघे पाच साठे होते आणि जगाची सारी लोकसंख्या त्यांपैकी एका चौकोनात होती. एका चौकोनातली माणसे प्रतिमानाच्या दृष्टीने एकसारखी असतात : आज जन्मलेले मूल आणि सत्तर वर्षांची वृद्धा यांच्या मृत्यूची शक्यता सारखीच आणि अपत्य होण्याची शक्यताही सारखीच. डोनेला मेडोज, डेनिस मेडोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लिमिट्स टू ग्रोथ’ या १९७२ सालच्या ग्रंथासाठी रचलेल्या वर्ल्ड-३ मध्ये लोकसंख्या चार वयोगटांच्या चार साठ्यांत विभागली गेली, कारण जननप्रमाण घटल्यावरही आधी जन्मलेली मुले पंधरा वर्षांनी प्रजननवयात येतात आणि लोकसंख्या वाढतच राहते, हे एका चौकोनातून दिसू शकत नाही. म्हणून प्रत्येक वर्षाचा वेगळा चौकोन करावा असे मात्र नाही. भेदामुळे वर्तन बदलते तेथेच भेद करावा, आणि ते कोठे बदलते हे सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.

या सर्व प्रश्नांचा सर्वांत उद्बोधक नमुना मुंबईचा आहे, आणि तो सिस्टिम डायनॅमिक्सचा जन्म होण्याच्या तीस वर्षे आधीचा आहे. विल्यम केर्मॅक आणि अँडरसन मॅककेंड्रिक यांनी १९२७ साली साथीच्या रोगांचा जो गणिती सिद्धान्त मांडला, त्यात लोकसंख्येचे तीन गट होते : रोग होऊ शकणारे, रोगग्रस्त, आणि बरे झालेले वा मृत झालेले. आजच्या चित्रभाषेत हे तीन चौकोन आणि दोन प्रवाह होतात, आणि कोविडच्या काळात जगभर वापरली गेलेली बहुतेक प्रतिमाने याच घराण्यातली आहेत. आपला सिद्धान्त पडताळण्यासाठी त्यांनी घेतलेले आकडे मुंबई बेटावरील प्लेगचे होते : डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात दर आठवड्याला झालेले मृत्यू. केर्मॅक प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ होते, तर मॅककेंड्रिक यांनी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम केले होते आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेचे प्रमुखपद सांभाळले होते. प्लेग हा त्यांच्यासाठी केवळ आकड्यांचा विषय नव्हता.

त्यांच्या वक्ररेषेने मुंबईचे मृत्यू आश्चर्यकारक नेटकेपणाने टिपले. परंतु प्लेग माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाही. तो उंदरांत पसरतो, उंदीर मेले की त्यांच्या पिसवा माणसाकडे वळतात, आणि ही साखळी त्या साथीच्याच काळात परळच्या प्रयोगशाळेत आणि मुंबईच्या चाळींत झालेल्या संशोधनातून उलगडत होती. मग तीन चौकोनांचे प्रतिमान तेथे कसे बसले? येथे त्या दोघा शास्त्रज्ञांचा बौद्धिक प्रामाणिकपणा पाहण्यासारखा आहे. माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे, सर्व उंदीर सारखेच बळी पडू शकतात, आणि पिसवांची संख्या इतकी प्रचंड आहे की रोग जणू थेट संपर्कानेच पसरतो, अशी गृहीतके त्यांनी निबंधातच मांडली आणि ती काटेकोरपणे खरी नाहीत हेही तेथेच नमूद केले. म्हणजे पिसवांचा साठा त्यांनी विसरून वगळला नव्हता, तो अमर्याद मानून वगळला होता आणि तसे लिहून ठेवले होते. नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी वक्ररेषा घेतली आणि गृहीतके बहुधा गाळली.

या वगळण्याची किंमत काय, हे फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये दाखवले. मुंबईत प्लेग थंडीत वाढे आणि उन्हाळ्याच्या तडाख्यात ओसरे, असे वर्षानुवर्षे होत होते. तीन चौकोनांच्या प्रतिमानात साथ ओसरते ती मात्र रोग होऊ शकणारे कमी झाल्यामुळे, ऋतूमुळे नव्हे. त्यामुळे वक्ररेषा जुळते, पण ती जुळवण्यासाठी लागणारी मूल्ये वास्तवाशी मेळ खात नाहीत. उंदीर, पिसवा आणि ऋतुमान यांना प्रतिमानात जागा दिली की तीच रेषा वेगळ्या कारणाने उतरते, आणि कारण वेगळे असेल तर उपायही वेगळा ठरतो. साठा जोडावा की जोडू नये, या प्रश्नाचे वजन येथे कळते.

आजच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ‘उंदीर’ आणि ‘पिसवा’ हे दोन चौकोन जोडायला काही मिनिटे पुरतील, आणि संगणकाला साध्या भाषेत वर्णन सांगून चौकोन मांडून घेण्याची सोय झाल्यापासून तेवढाही वेळ लागणार नाही. अशा वेळी चौकोन किती लवकर उमटतो यापेक्षा तो उमटताना साधन काय विचारते, यावर त्याची पारख व्हायला हवी. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रतिमानांची देवघेव व्हावी म्हणून २०१५ साली ओएसिस या मानक-संस्थेने मान्य केलेल्या एक्समाइल या मांडणीत प्रत्येक साठ्यासोबत त्याचे आरंभमूल्य, त्यात येणारे आणि त्यातून जाणारे प्रवाह, एकक, आणि स्पष्टीकरणासाठी मोकळा मजकूर यांना जागा ठेवलेली आहे. ती शेवटची जागा बहुतेक वेळा रिकामी राहते. वस्तुतः ती भरल्याशिवाय चौकोन पूर्ण झाल्याचे साधनाने मानूच नये. साठा का जोडला, तो न जोडता काय गृहीत धरता आले असते, आणि आरंभमूल्य मोजलेले आहे की अंदाजाने घेतले आहे, एवढे तेथे लिहावे लागले तर केर्मॅक आणि मॅककेंड्रिक यांनी निबंधात जे स्वेच्छेने केले ते प्रत्येक प्रतिमानात घडेल.

डिसेंबर १९०५ मध्ये मुंबई बेटावर एकूण किती उंदीर होते, या रकान्यात तर अंदाजच लिहावा लागेल. तो अंदाज एका आकड्याऐवजी पल्ल्याच्या रूपात द्यावा आणि त्या पल्ल्यातील वेगवेगळी मूल्ये घेऊन प्रतिमान शेकडो वेळा चालवावे, ही सोय व्हेन्सिम आणि स्टेला या दोहोंत आहे. उंदरांची संख्या दुप्पट वा निम्मी धरूनही मृत्यूंची रेषा जागची हलत नसेल, तर तो आकडा शोधण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही, आणि ती हलत असेल तर पुढचे काम संगणकावरचे नसून १९०५-०६ मध्ये पकडलेल्या आणि तपासलेल्या उंदरांच्या नोंदींतले आहे.